भिरुडाची मादी : आंब्याच्या खोडकिड्याच्या शरीररचनेचा अभ्यास



आपल्या मेसच्या मागचे आंब्याचे जुने झाड सर्वांना ठाऊक आहे. दर रविवारी ज्युनियर कॅडेट त्याच्या पारावर बसून घरी पत्रे लिहितात. मी या शाळेत आलो, तेव्हा माझे पहिले पत्रही याच पारावर लिहिले होते. उन्हाळ्याची सुट्टी संपवून गेल्या जुलैत आम्ही परत आलो, तर या झाडाची मेसकडची मोठी फांदी सुकून गेलेली. पाने तपकिरी होऊन लोंबत होती आणि बुंध्याशी लाकडाच्या भुशाचे लहान लहान ढीग पडले होते. भुसा कुणीतरी करवतीने पाडल्यासारखा दिसत होता, पण करवत कुणीच चालवली नव्हती. झाड पोखरले गेले आहे, पावसाळ्यात मेसच्या छपरावर पडण्याआधी ते तोडावे लागेल, असे आम्हांला कळले.

त्या रविवारी फोनवर मी हे घरी सांगितले. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि आजोबांची आंब्याची थोडी कलमे आहेत. आजोबांनी भुशाचे वर्णन ऐकले आणि लगेच म्हणाले, "अरे, ते भिरूड असणार. आत अळी बसली आहे. पण अळी तिथे आपली आपण आली नाही, बाळा. तिला कुणीतरी तिथे ठेवले आहे."

हा लेख त्या "कुणीतरी"विषयी आहे.

ओळख

आंब्याच्या भिरुडाचे शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा असे आहे. स्वीडनचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स डी गीर यांनी १७७५ मध्ये या जातीचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. लॅटिन भाषेत "रुफस" म्हणजे तांबूस आणि "मॅक्युला" म्हणजे ठिपका. म्हणजे नावाचा अर्थ "तांबूस ठिपक्यांचा". हा भुंगेरा सेरँबिसिडी या कुळातला आहे. या कुळातील भुंगेऱ्यांच्या डोक्यावर लांब शिंगांसारख्या शृंगिका असतात, म्हणून त्यांना लांब शिंगांचे भुंगेरे म्हणतात. जगात या कुळाच्या ३५,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतील बहुतेकांच्या अळ्या झाडांच्या आत, साल आणि लाकूड खाऊन वाढतात. भिरूड आंब्याबरोबर फणस, अंजीर, सावर अशा झाडांवरही जगते.

माझी चूक

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. रात्रीची प्रेप संपवून आम्ही हॉस्टेलकडे येत होतो. पाऊस नुकताच थांबला होता. व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटवर काहीतरी जोरात आपटले आणि खाली पडले. पाहतो तर माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडा लहान, करड्या रंगाचा भुंगेरा. मी तो रुमालात धरला, तेव्हा त्याने चक्क "चिर्र चिर्र" असा आवाज केला. माझा बंकमेट दोन पावले मागे सरकला.

रात्रभर तो मी झाकणाला भोके पाडलेल्या बरणीत ठेवला. सकाळी पट्टीने मोजला. शरीराची लांबी ४८ मिलिमीटर, शृंगिकेची लांबी ५५ मिलिमीटर. पुस्तकात वाचले होते की लांब शिंगांच्या भुंगेऱ्यांत नराच्या शृंगिका मादीपेक्षा लांब असतात. इथे तर शृंगिका शरीराहूनही लांब होत्या. मी वहीत चित्र काढले, त्याखाली ठळक अक्षरांत "नर" असे लिहिले आणि जीवशास्त्राच्या सरांना दाखवायला नेले.

सरांनी चित्राचे कौतुक केले. मग विचारले, "लांब म्हणजे कशाहून लांब? तू दुसरा भुंगेरा मोजला आहेस का?"

मी मोजला नव्हता. एकच नमुना हातात असताना "लांब" या शब्दाला काही अर्थ नसतो, हे मला तेव्हा उमगले.

चार दिवसांनी माली भैयांनी रस्त्यावरच्या दिव्याखाली मरून पडलेला दुसरा भुंगेरा आणून दिला. त्याचे शरीर ४४ मिलिमीटर, म्हणजे माझ्यापेक्षा लहान होते. पण शृंगिका ७० मिलिमीटर भरल्या आणि त्यांच्या खालच्या बाजूला खरखरीत काट्यांची रांग होती. नर हा होता. माझ्या बरणीत होती ती मादी. वहीतला "नर" मी खोडला नाही. एक रेघ मारून बाजूला "मादी" लिहिले आणि तारीख घातली. प्रयोगवहीत चूक अशीच दुरुस्त करायची असते.

तीन प्रश्न

मादीचे विच्छेदन करून पाहण्याची मी परवानगी मागितली. सर लगेच हो म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "जिवंत प्राणी मारून उघडायचा असेल, तर आधी असे तीन प्रश्न लिहून आण, ज्यांची उत्तरे बाहेरून मिळू शकत नाहीत. नुसते बघायचे आहे, हे कारण पुरेसे नाही."

दोन संध्याकाळी विचार करून मी हे प्रश्न लिहिले :

१. शृंगिका सोडल्या तर ही मादीच आहे, याचा निश्चित पुरावा शरीरात कुठे आहे?

२. तिच्या पोटात अंडी आहेत का, असल्यास किती आणि केवढी?

३. आंब्याची साल इतकी कठीण असताना ती अंडे सालीच्या आत कसे पोचवते?

तिसरा प्रश्न वाचून सरांनी सही केली. बरणी प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवली. थंडीने कीटक आधी निश्चल होतो आणि पुढे बर्फाच्या कप्प्यात मरतो. उघडण्यापूर्वी आम्ही तिचे बाहेरचे निरीक्षण पूर्ण केले.

बाहेरून दिसणारी रचना

कोणत्याही कीटकाप्रमाणे हिचे शरीर तीन भागांत विभागलेले आहे : डोके, वक्ष आणि उदर.

डोके. भिरुडाचा चेहरा सपाट आणि सरळ खाली उतरलेला असतो. समोरून पाहिले तर भिंतीसारखा दिसतो. त्याच्या खालच्या टोकाला काळे, जाड जबडे आहेत. ते माणसासारखे वर-खाली हलत नाहीत. चिमट्यासारखे डावीकडून आणि उजवीकडून मिटतात. मी त्यांच्यामध्ये आगकाडी धरली, तेव्हा जिवंत मादीने ती दोन चाव्यांत तोडली होती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून लक्षात ठेवा.

डोळे संयुक्त आहेत, म्हणजे पुष्कळ सूक्ष्म डोळ्यांचे मिळून बनलेले. त्यांचा आकार गोल नाही. राजम्याच्या दाण्यासारखी त्यांना एका बाजूने खाच आहे आणि त्या खाचेला लागूनच शृंगिकेचे मूळ बसते. डोळा जणू शृंगिकेला जागा देण्यासाठी वळला आहे.

शृंगिकेला ११ खंड आहेत. पहिला खंड जाड, दुसरा इतका आखूड की पहिल्यांदा मोजताना मी तो वगळला आणि १० लिहिले. त्यापुढचे खंड लांब आहेत. शृंगिका हे भिरुडाचे नाक आहे. झाडाचा वास, दुसऱ्या भुंगेऱ्याचा वास तिला यांतून कळतो.

वक्ष. डोक्यामागचा पहिला भाग म्हणजे अग्रवक्ष. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टोकदार काटा आहे आणि पाठीवर वाटाण्याच्या कोंभासारखे वाकडे दोन तांबूस-नारिंगी ठिपके आहेत. जातीचे नाव ज्यांवरून पडले ते हेच ठिपके. नमुना मेल्यावर त्यांचा रंग फिका पडत जातो. माझ्या मादीचे ठिपके आता पिवळट झाले आहेत. म्हणून रंगाची नोंद कीटक ताजा असतानाच करावी.

तो "चिर्र" आवाजही याच भागातून येतो. अग्रवक्षाची मागची कडा त्याच्यामागच्या भागावरील बारीक रेघांवर घासली जाते. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यावर आवाज येतो, तसाच हा प्रकार आहे. आवाज नरही काढतो आणि मादीही, म्हणून त्यावरून लिंग ओळखता येत नाही.

वक्षाला पायांच्या तीन जोड्या आहेत. पायाच्या शेवटी लहान लहान खंडांचे पाऊल असते. हे खंड पाहताना चारच दिसतात. प्रत्यक्षात पाच आहेत. तिसरा खंड दोन पाकळ्यांत दुभंगलेला असून चौथा छोटासा खंड त्या पाकळ्यांमध्ये लपलेला असतो. भिंगाखाली पावलाच्या तळाशी दाट केसांची गादी दिसते. या गादीमुळे आणि टोकाच्या नखांमुळे ती उभ्या खोडावर घट्ट पकड घेऊन राहू शकते.

पाठीवरचे दोन कठीण पुढचे पंख उडण्यासाठी नाहीत, ते कवच आहे. त्यांच्या खांद्यांजवळ काळे चकचकीत दाणे आणि एकेक काटा आहे. उडण्याचे पंख म्हणजे मागचे पातळ पंख. ते कवचाखाली घडी घालून ठेवलेले असतात. आम्ही एक पंख चिमट्याने हळूच उलगडला, तेव्हा तो कवचापेक्षा बराच लांब निघाला. पुन्हा तशी घडी घालणे आम्हांला जमले नाही.

उदर. मादी उलटी केली की पोटाचे पाच कठीण पट्टे दिसतात. कीटकाच्या उदराला याहून जास्त खंड असतात, मग बाकीचे कुठे गेले? सुरुवातीचे दोन खंड वक्षाशी आकसून गेलेले असतात. दिसणारा पहिला पट्टा खरा तिसऱ्या खंडाचा आहे आणि शेवटचा दिसणारा पट्टा सातव्याचा. आठवा आणि नववा खंड शरीराच्या आत ओढून घेतलेले असतात. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच होते.

आतील रचना

विच्छेदनासाठी आम्ही पसरट ताटलीत मेण ओतून थंड केले, मादीला टाचण्यांनी त्यावर पक्के केले आणि ती पूर्ण बुडेल इतके पाणी घातले. पाण्यात अवयव तरंगून एकमेकांपासून सुटे होतात. कोरड्यात ते चिकटतात आणि फाटतात. कवच आणि पंख बाजूला केल्यावर उदराची पाठ उघडी पडली. ही पाठ मऊ असते, कारण कवच तिचे रक्षण करते. पोटाची बाजू मात्र कठीण. म्हणून पाठीकडून, दोन्ही कडांनी बारीक कात्रीने कापत जावे. कात्रीचे टोक वर उचललेले ठेवावे, नाहीतर आतले अवयव कापले जातात.

आत सर्वांत आधी चांदीच्या तारांसारख्या बारीक नळ्या दिसल्या. या श्वासनलिका. कीटकाला फुप्फुसे नसतात. शरीराच्या बाजूंना असलेल्या श्वासरंध्रांतून हवा थेट या नळ्यांत जाते आणि प्रत्येक अवयवापर्यंत पोचते. नळ्या हवेने भरलेल्या असल्यामुळे पाण्यात चमकतात. त्यांच्याभोवती पांढऱ्या मेदाचे पुंजके होते. रक्तवाहिन्यांचे जाळे नव्हते, कारण कीटकाचे रक्त शरीराच्या पोकळीत मोकळे फिरते. पाठीच्या मध्यावर असलेली एक लांब नळी हृदयाचे काम करते.

मेद बाजूला केला आणि मग दिसली अंडी.

उदराचा बहुतेक भाग त्यांनीच भरला होता. आतडे एका कोपऱ्यात ढकलले गेले होते. फिकट पिवळसर, लांबट, भाताच्या दाण्यासारखी पण मध्ये किंचित वाकलेली. आम्ही एकेक करून ती ओळीने मांडली. पूर्ण वाढलेली अंडी २७ भरली. प्रत्येकाची लांबी सुमारे ६ मिलिमीटर. ४८ मिलिमीटरच्या प्राण्याच्या पोटात ६ मिलिमीटरची २७ अंडी. माझ्या शेजारी उभा असलेला कॅडेट हळूच म्हणाला, "ही तर उडणारी पेटी आहे."

मादीची प्रजननसंस्था आम्हांला दिसली ती अशी :

अंडाशय. डावे आणि उजवे असे दोन. प्रत्येक अंडाशय अनेक नलिकांचा जुडगा असतो. नलिकेच्या वरच्या टोकाला अंडी अगदी सूक्ष्म असतात आणि खाली येत येत मोठी होतात. एकाच नलिकेत वर मोहरीहून लहान आणि खाली पूर्ण वाढलेले अंडे दिसते. म्हणून २७ हा आकडा तिची एकूण अंडी नव्हे. त्या दिवशी तयार असलेली तेवढी. भिरुडाची एक मादी आयुष्यात २०० पर्यंत अंडी घालू शकते. ती एकदम घालत नाही, जशी तयार होतील तशी घालत जाते.

अंडवाहिन्या. दोन्ही अंडाशयांतून निघालेल्या वाहिन्या पुढे एकत्र येऊन एकच मार्ग बनतो. झाडाच्या दोन फांद्या बुंध्याला मिळाव्यात तसा आकार दिसतो.

शुक्रसाठ्याची पिशवी. सामाईक मार्गाच्या शेवटाकडे भिंगाखाली एक लहानशी, आकडीसारखी वाकलेली कठीण पिशवी दिसली. मीलनानंतर नराचे शुक्राणू यात साठवले जातात. प्रत्येक अंडे बाहेर पडताना तेथून शुक्राणू मिळून ते फलित होते. त्यामुळे एकदा मीलन झाले की नर जवळ नसतानाही मादी पुढे बरेच दिवस फलित अंडी घालू शकते. म्हणजे ट्यूबलाइटवर एकटी येऊन आपटलेली मादीही "एकटी" नसते.

अंडनिक्षेपक. उदराच्या टोकावर चिमट्याने हळूच दाब दिला, तेव्हा आत ओढलेले आठवा आणि नववा खंड दुर्बिणीच्या नळ्यांसारखे एकातून एक बाहेर आले. ही अंडे घालण्याची नळी. तिचा बराचसा भाग मऊ पडद्याचा आहे, म्हणून ती घडी होऊन आत राहू शकते. आतून तिला आधार देणारी आणि स्नायू जोडण्यासाठी असलेली एक बारीक कठीण काडी आहे. नळीच्या टोकाला दोन लहान पाळी आहेत आणि प्रत्येक पाळीवर केसांचे छोटे बोंड आहे. हे केस स्पर्श ओळखतात.

अशी नळी नराला नसते. ही मादीच, याचा शृंगिकेहून पक्का पुरावा म्हणजे हा अवयव.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

आता खरा पेच पडला. मी अपेक्षा केली होती की अंडनिक्षेपक सुईसारखा कठीण असेल आणि तो सालीत घुसत असेल. प्रत्यक्षात तो मऊ निघाला. मी त्याचे टोक सालीच्या तुकड्यावर टेकवून पाहिले, ते लगेच वाकले. मग अंडे आत जाते कसे?

सरांनी उत्तर सांगितले नाही. फक्त माझी वही मागे उलटली आणि "डोके" या मथळ्यावर बोट ठेवले. आगकाडी!

भिरुडाची मादी सालीला भोक अंडनिक्षेपकाने पाडत नाही, जबड्यांनी पाडते. खोडावर जागा निवडून ती जबड्यांनी साल कुरतडते आणि एक छोटी चीर तयार करते. मग अंग फिरवून उदराचे टोक त्या चिरेवर आणते, मऊ नळी बाहेर काढते, टोकावरच्या केसांनी चीर चाचपते आणि सालीखाली एक अंडे सरकवते. कठीण काम जबड्याचे, नाजूक काम नळीचे. तिच्या शरीराच्या पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला असलेली ही दोन साधने मिळून एक काम करतात. मी अवयव एकेकटे पाहत होतो, म्हणून मला ते समजले नव्हते. डोके पाहिले तेव्हा पोटाचा विचार केला नाही, आणि पोट पाहिले तेव्हा डोके विसरलो.

पुढची हकीकत थोडक्यात अशी. आठवडा-दोन आठवड्यांत अंडे फुटते. अळी आधी सालीखालचा रसाळ थर खाते, मग लाकडात शिरते. कित्येक महिने ती बोगदे काढत वाढते आणि बोटाएवढी, कधी ९ ते १० सेंटिमीटर लांब होते. सालीखालचा थर तुटला की पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाऊ शकत नाही, आणि लाकूड पोखरले की वर जाणारे पाणी अडते. फांदी वाळते ती यामुळे. लाकडातच कोश करून भुंगेरा पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास बाहेर पडतो. साधारण वर्षभराचे हे चक्र आहे.

पुन्हा झाडाकडे

उत्तर मिळाले त्याच संध्याकाळी गेम्सनंतर सरांची परवानगी घेऊन आम्ही चौघे कॅडेट आणि माली भैया टॉर्च घेऊन झाडाकडे गेलो. याआधी आम्ही सगळे भुसा आणि भोके पाहत होतो. पण भुसा दिसतो तेव्हा अळी आत बसून काम करत असते. या वेळी आम्ही भोके सोडून चिरा शोधल्या. खोडाची कमरेइतक्या उंचीपर्यंतची साल आम्ही वीत वीत करून तपासली.

पाच ताज्या चिरा सापडल्या. प्रत्येक नखाएवढी, कडा ओबडधोबड, जबड्याने चावल्यासारखी. माली भैयांनी चाकूच्या टोकाने साल अलगद उचलली. दोन चिरांत काही नव्हते. एकीत तपकिरी चीक आणि तांदळाएवढी अळी होती. उरलेल्या दोन चिरांत एकेक अंडे होते. मी खिशातून पट्टी काढून मोजले. ६ मिलिमीटर.

प्रयोगशाळेच्या ताटलीत ओळीने मांडलेले अंडे आणि झाडाच्या सालीतले अंडे एकच होते. आजोबांनी फोनवर सांगितलेले "कुणीतरी तिथे ठेवले आहे" हे मी तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी आमची वही आणि झाडाचा आराखडा वरिष्ठांना दाखवला. आराखड्यात कोणत्या बाजूला जुनी भोके आहेत, कुठे ताज्या चिरा आहेत आणि कोणता भाग निरोगी आहे, ते आम्ही तीन रंगांत दाखवले होते. पोखरलेली भोके मेसकडच्या फांदीत आणि तिच्या खालच्या भागात होती, पाराकडची बाजू शाबूत होती. झाड एक वर्ष ठेवून पाहायचे, असे ठरले. वाळलेली फांदी कापून काढली. जिवंत बोगद्यांत माली भैयांनी तार घालून अळ्या काढल्या, कीटकनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा आत बसवला आणि भोके ओल्या मातीने बंद केली. हे काम मोठ्यांनी, हातमोजे घालून केले. कॅडेटांना लांब उभे केले होते आणि ते योग्यच होते.

कापलेल्या फांदीचा एक तुकडा जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. त्यातल्या बोगद्यात माझे बोट सहज जाते.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या दून खोऱ्यात सालवृक्षांची जंगले आहेत. सालाचे लाकूड पोखरणारा भुंगेराही याच लांब शिंगांच्या कुळातला आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला हे भुंगेरे सालाच्या ताज्या रसाकडे ओढले जातात. म्हणून वनखाते सालाचे काही ओंडके मुद्दाम कापून, त्यांची साल ठेचून जंगलात ठेवते आणि रस प्यायला जमलेले भुंगेरे गोळा करते. म्हणजे तिथेही लढाई अळीशी लाकडात शिरून होत नाही. भुंगेरा बाहेर असतो त्या थोड्या दिवसांतच होते.

घरी आंब्याची झाडे असलेल्यांसाठी

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, विशेषतः कोकणात, आंब्याची झाडे आहेत. पालकांनाही उपयोग व्हावा म्हणून या अभ्यासातून निघालेले मुद्दे देतो.

१. पावसाळा सुरू झाल्यापासून दर आठवड्याला खोड आणि जाड फांद्या पाहाव्यात. भुशाची वाट पाहू नये. सालीवर नखाएवढी, चावल्यासारखी चीर दिसते का ते पाहावे.

२. चीर सापडली तर साल वरवर उचलून अंडे किंवा लहान अळी काढून टाकावी. या टप्प्यावर औषध लागत नाही.

३. आधीच दुबळ्या, जखमी झाडांकडे जास्त लक्ष द्यावे. वाळलेल्या, पोखरलेल्या फांद्या झाडावर ठेवू नयेत.

४. रात्री दिव्यावर भिरूड आले तर पकडावे. मादी असेल तर तिच्या पोटात काय असू शकते, ते आता आपल्याला माहीत आहे.

५. नर-मादी ओळखताना एकट्या नमुन्यावर विसंबू नये. नराच्या शृंगिका शरीराच्या मागे बऱ्याच लांब जातात आणि खालून काटेरी असतात. मादीच्या शृंगिका शरीराएवढ्या किंवा थोड्याच जास्त असतात. खात्री हवी असेल तर उदराचे टोक पाहावे.

शेवटी

या अभ्यासात मला सर्वांत जास्त वेळ लागला तो वहीतला "नर" हा शब्द दुरुस्त करायला. तो शब्द तसाच राहिला असता, तर मी तिचे पोट पाहिले नसते, अंडी मोजली नसती आणि चिरा शोधल्या नसत्या.

ती मादी, एक अंडे आणि माली भैयांनी आणलेला नर, असे तिन्ही नमुने प्रयोगशाळेच्या कपाटात दुसऱ्या खणात आहेत. झाडाला या मार्चमध्ये पाराकडच्या बाजूने मोहोर आला. मेसकडची बाजू अजून उघडीच आहे. येत्या जुलैपासून दर शनिवारी संध्याकाळी आम्ही खोड तपासणार आहोत. ज्या कॅडेटांना यायचे असेल त्यांनी टॉर्च आणि पट्टी घेऊन यावे. आणि व्हरांड्यातल्या दिव्याखाली करड्या रंगाचा, लांब शिंगांचा भुंगेरा सापडला, तर तो बुटाखाली चिरडू नये. बरणीत घालून जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणून द्यावा. आधी मोजू, मग नाव लिहू.